वाचकांचे प्रश्न: कमी बजेटमध्ये गेमिंगचा हेडफोन

गेल्या अंकात कीबोर्ड-माऊसवर लिहिलं तेव्हा शेवटी म्हटलं होतं की हेडफोनबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं भरपूर आली, आणि वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली की बहुतेकांनी मला खोक्यावरचे आकडे लिहून पाठवलेत आणि विचारलंय की यातला कुठला भारी. हा घालून सलग तीन तास बसवेल का, असं विचारणारी पत्रं मोजून दोनच. मी स्वतः जवळपास रोज रात्री खेळते, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: पैसे कमी असतील तर ते दोनच गोष्टींवर खर्च करा, साफ आवाज आणि डोक्याला आराम. लाईट, सराउंडचं लेबल यावर काहीही खर्च करू नका. आता एकेक प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, मी शूटर गेम खेळतो. मित्र म्हणतात ७.१ सराउंडवाला घे नाहीतर पावलं कुठून येतायत ते कळणारच नाही. माझ्या बजेटमध्ये दोन बसतायत, एक ७.१ आणि लाईटवाला आणि दुसरा साधा स्टिरिओ, नावाजलेल्या ऑडिओ कंपनीचा. कुठला घेऊ? (कॉलेजात शिकणारा वाचक)

उत्तर: साधा स्टिरिओ घे, डोळे झाकून घे.

का ते सांगते, कारण हे एकदा समजलं की पुढे कुठलाही हेडफोन घेताना कुणी फसवू शकणार नाही. आपल्याला कान दोनच आहेत आणि खरी दिशा आपण त्या दोनच कानांवर ओळखतो. उजवीकडे कुणी चाललं तर आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात जरा उशिरा पोचतो, हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदाचा असतो पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मधे डोकं आडवं येतं त्यामुळे पलीकडच्या कानात आवाज थोडा बारीक आणि थोडा बोथट होऊन जातो. आणि पुढून आला की मागून, वरून की खालून, हे कानाच्या पाळीच्या वळणांमुळे कळतं, कारण प्रत्येक दिशेने येणारा आवाज त्या वळणांवर आपटून थोडा वेगळा होऊन आत शिरतो. हे सगळं गणित करून दोन कानांसाठी दोन आवाज तयार करायचे, याला एचआरटीएफ म्हणतात, आणि ते काम सॉफ्टवेअर करतं. ७.१ म्हणजे खरं तर चहूबाजूंनी सात स्पीकर आणि बेससाठी एक, पण तुझ्या त्या ७.१ वाल्या हेडसेटच्या आत सात स्पीकर नसतात रे, बहुतेक सगळ्यांत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर असतो आणि सोबत एक सॉफ्टवेअर दिलेलं असतं.

आणि ते सॉफ्टवेअर तुझ्याकडे आधीच आहे. काउंटर स्ट्राइक आणि व्हॅलोरंट या दोन्ही गेमच्या आत एचआरटीएफची सोय आहे. ज्या गेममध्ये नाही त्यांच्यासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज सॉनिक फुकट मिळतं. फक्त एक लक्षात ठेव, एका वेळी एकच चालू ठेवायचं. दोन्ही एकदम चालू राहिलं तर आधीच शिजलेला आवाज परत शिजवल्यासारखं होतं आणि पुढचं-मागचं पार गोंधळून जातं.

हे आम्ही घरी करून बघितलंय. धाकट्या भावाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, रिकाम्या मॅपच्या मधोमध त्याचा प्लेअर उभा केला आणि दुसऱ्या पीसीवरून मी त्याच्याभोवती चालत राहिले, आवाज आला की त्याने बोट दाखवायचं. हेडसेटचं सराउंड आणि गेममधलं सेटिंग दोन्ही चालू असताना मी पाठीमागे उभी आणि हा ठामपणे समोर बोट दाखवतोय असं परत परत झालं. हेडसेटचं सराउंड बंद केलं, गेममधलं तेवढं ठेवलं, तर बोट माझ्यामागोमाग फिरायला लागलं. हेडफोन तोच, डोकं तेच. तूही मित्राला बसवून करून बघ, दहा मिनिटांचं काम आहे आणि खूप काही कळतं.

प्रश्न: एका हेडसेटवर ५० एमएम ड्रायव्हर आणि १० ते ४०,००० हर्ट्झ लिहिलंय, दुसऱ्यावर ४० एमएम आणि २० ते २०,०००. पहिला जास्त चांगला ना?

उत्तर: या आकड्यांवरून काहीही ठरत नाही. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, वय वाढत जातं तशी वरची बाजू कमी होत जाते, त्यामुळे ४०,००० तुला ऐकूच येणार नाही. शिवाय हा पट्टा किती डेसिबलच्या फरकात मोजला ते खोक्यावर लिहिलेलं नसेल तर तो आकडा नुसता छापायचा म्हणून छापलेला. ड्रायव्हरचंही तसंच, ४० एमएमचे उत्तम हेडफोन आहेत आणि ५० एमएमचे ढणढणणारे पण आहेत.

खोक्यावर बघायचाच असेल तर इम्पीडन्स बघ, म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो ते, तो ओहममध्ये दिलेला असतो. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन मदरबोर्डच्या साध्या जॅकवर बिनधास्त चालतात, ६०-८० पर्यंतचेही बहुतेक वेळा चालून जातात. पण एखाद्या स्ट्रीमरच्या डोक्यावर बघून बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमवाला घेतलास तर साध्या जॅकवर आवाज फुल करूनही बारीक वाटू शकतो, त्याला बऱ्याचदा वेगळा अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारं यंत्र लागतं आणि मग बजेट कुठल्या कुठे जातं.

प्रश्न: माझ्याकडे मोबाईलसाठी घेतलेला चांगला ब्लूटूथ हेडफोन आहे, गाणी मस्त वाजतात. तोच पीसीला जोडला तर गोळी मारल्यानंतर आवाज येतो असं वाटतं, आणि मित्रांशी बोलायला माईक चालू केला की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन खराब झाला का?

उत्तर: हेडफोन अगदी ठणठणीत आहे, अडचण ब्लूटूथची आहे आणि दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली उशिराची. साध्या ब्लूटूथवर आवाज पोचायला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज लागतात. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही कारण प्लेअर चित्रच तेवढं मागे ठेवतो आणि ओठ-आवाज जुळवून घेतो. गेमला ते करता येत नाही, तू बटण दाबलंस की चित्र लगेच हललं पाहिजे, मग आवाज बिचारा मागून धावत येतो. दुसरी माईकची. ब्लूटूथचा माईक चालू झाला की जोडणी गाण्यांच्या मोडमधून फोनकॉलच्या मोडमध्ये जाते, तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते, ८ किंवा फार तर १६ किलोहर्ट्झवर येतं. मोनो म्हणजे डावं-उजवं गेलंच, पावलं ओळखायचा प्रश्नच मिटला. एलई ऑडिओ नावाच्या ब्लूटूथच्या नवीन प्रकारात हे सुधारलंय पण त्यासाठी हेडफोन आणि पीसी दोन्हीकडे ते असावं लागतं.

पैसे न घालता आजच करता येण्यासारखं म्हणजे, हेडफोनला वायर लावायची सोय असेल तर वायर लाव, खूप जणांच्या खोक्यात ती वायर तशीच पडलेली असते. वायर नसेल तर निदान माईक वेगळा वापर आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुटला तो वेगळा माईक निवड, म्हणजे हेडफोन गाण्यांच्या मोडमध्येच राहील. स्टोरीवाले गेम, कोडी, शेती-बांधकामवाले गेम यांना तेवढ्यावर चालतं. वायर नकोच असेल तर छोटा यूएसबी डोंगल सोबत येणारे २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट बघ, त्यात उशीर इतका कमी असतो की खेळताना लक्षात येत नाही. पण त्याच पैशात वायरवाला नेहमी जास्त चांगला मिळतो हे मी परत परत सांगेन, कारण बॅटरी आणि रेडिओचे पैसे त्यात घातलेले नसतात.

प्रश्न: मला चष्मा आहे. दीड तासानंतर कानाच्या वर इतकं दुखतं की हेडफोन काढून ठेवावा लागतो. आतापर्यंत दोन बदलले. महाग घेतल्याशिवाय आराम मिळतच नाही का?

उत्तर: मिळतो, आणि तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं कारण या गोष्टीवर कुणी बोलतच नाही. मी स्वतः चष्म्यावाली आहे आणि हे दुखणं चांगलं ओळखून आहे.

आधी आरशासमोर हेडफोन घालून बघा की दाब नेमका कुठे येतोय. बहुतेक वेळा पॅड चष्म्याच्या काडीला कवटीवर दाबत असतो, म्हणजे दोषी हेडफोन आणि काडी दोघंही. जाड प्लास्टिकची रुंद काडी असेल तर खेळायला बारीक तारेच्या काडीचा जुना चष्मा वापरून बघा, नंबर जवळपास तोच असेल तर. मी हेच केलं आणि अर्धं दुखणं त्या दिवशीच गेलं.

मग पॅड. रेक्झिनसारखा चकचकीत पॅड काडीभोवती वाकत नाही, मखमली कापडाचा मऊ पॅड वाकतो आणि घामही कमी येतो. काडीमुळे पॅड आणि गाल यांच्यात फट राहते तिथून बेस निसटतो, त्यामुळे चष्मेवाल्यांना तोच हेडफोन थोडा पातळ वाटू शकतो, त्याला घाबरू नका, पावलांच्या आवाजाला त्याने फरक पडत नाही. पॅडची आतली जागा बोटाने चाचपून बघा, कान पूर्ण आत बसला पाहिजे आणि आतल्या जाळीला टेकता कामा नये, टेकला की तासाभरात पाळी दुखणारच. सुटे पॅड मिळतात का हे हेडफोन घेण्याआधीच शोधा. पॅड दोन वर्षांत सोलायला लागतात, त्याचे काळे पापुद्रे मानेवर, गालावर चिकटतात, आणि सुटे मिळत नसतील तर चांगला चालणारा हेडफोन फेकावा लागतो.

वजन बघा. अडीचशे-तीनशे ग्रॅमपर्यंत ठीक, साडेतीनशेच्या वर गेलं की टाळूला कळतं. आणि नवीन हेडफोन फार आवळत असेल तर रात्रभर तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर घालून ठेवा, गठ्ठा तुमच्या डोक्यापेक्षा जरासाच रुंद हवा, तीन-चार रात्रीत पकड सैल होते. हे फक्त धातूची पट्टी असलेल्यांनाच करायचं, प्लास्टिकची असेल तर कडकन तुटेल.

प्रश्न: एकच जॅक असलेला हेडसेट घेतला. लॅपटॉपवर माईक चालतो, डेस्कटॉपला लावला की ऐकू येतं पण माझा आवाज कुणालाच जात नाही.

उत्तर: जॅक हातात धरून त्यावरच्या काळ्या रेघा मोज. तीन रेघा असतील तर तो चार भागांचा जॅक, आवाज आणि माईक एकत्र. तुझ्या डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं आहेत, हिरव्यात घातलंस तर आवाज मिळाला पण माईक कुठेच जोडला गेला नाही. एक वाय आकाराचा स्प्लिटर लागतो, एकीकडे चार भागांचं भोक आणि दुसरीकडे तीन-तीन भागांचे दोन जॅक, बऱ्याच हेडसेटसोबत खोक्यातच असतो, आधी तिथे शोध. विकत घेताना मात्र नीट बघ, दोन हेडफोन एकत्र ऐकायचा स्प्लिटर दिसायला सारखाच असतो आणि तो इथे काहीच कामाचा नाही.

जोडल्यावर सारखी शूं अशी किंवा माऊस हलवला की किरकिर येत असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकऐवजी मागचा वापर, पुढच्या जॅकची वायर आतून सगळ्या पार्ट्सच्या शेजारून जाते आणि तिथली खरखर उचलते. तरी गेलं नाही तर बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड घे, कामं बाहेरच्या बाहेर होतात.

प्रश्न: माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी पाच-पाच तास हेडफोन लावून बसतो. हाका मारल्या तरी ऐकू जात नाहीत. कानांसाठी सुरक्षित असा कुठला हेडफोन आहे का? (एक आई)

उत्तर: ताई, धोका हेडफोनपेक्षा आवाज किती आणि किती वेळ यात जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, आणि मुलांसाठी तर ७५ डेसिबलच धरायला सांगते. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते, त्यामुळे ९० डेसिबलला मोठ्यांनासुद्धा आठवड्याभरात फक्त ४ तास उरतात. तुमच्या मुलाचे तर त्याहून कमी, ते एकाच सुट्टीत संपतील.

मुलं आवाज वाढवतात त्याला बहुतेक वेळा कारण असतं, पंखा, टीव्ही, घरातली बोलणी या सगळ्याच्या वर गेम ऐकू यायला हवा असतो. मोठे, कान झाकणारे बंद हेडफोन बाहेरचा आवाज अडवतात म्हणून त्यात व्हॉल्यूम कमी ठेवता येतो. घर शांत असेल तर उलट उघड्या पाठीचे, म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची असलेले घ्या, त्यात त्याला तुमची हाकही ऐकू जाईल. दुसरं कारण म्हणजे मित्रांचा आवाज ऐकू येत नाही म्हणून सगळाच व्हॉल्यूम चढवला जातो. त्याला सांगा की गेमचा आणि गप्पांचा व्हॉल्यूम वेगवेगळा ठेवता येतो, स्फोट-संगीत कमी कर आणि बोलणं आहे तिथेच राहू दे. हे रागावून न सांगता शेजारी बसून दोघांनी मिळून करा. आणि खेळ संपल्यावर कानात शिट्टीसारखं वाजतं का, बोलणं कापूस घातल्यासारखं वाटतं का, हे त्याला विचारा. तसं होत असेल तर थांबू नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवा, कारण एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही.

प्रश्न: सरळ नावं सांग ना! आणि हेडसेट घेऊ की हेडफोन आणि वेगळा माईक?

उत्तर: सांगते, पण हे शेवटचे शब्द नाहीत, मॉडेल येतात-जातात.

सगळं एकत्र आणि झंझट नको असेल तर हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर. हलका आहे, बंद पाठीचा आहे, माईक वर केला की आपोआप म्यूट होतो. खोली शांत असेल तर माझी आवड उघड्या पाठीकडे आहे, हा प्रकार सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढून लोकांपर्यंत नेला. त्यात आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा न वाटता आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो, लांब-जवळ ओळखायला बरं पडतं. फिलिप्सचा एसएचपी ९५०० यातला माझा लाडका, ३२ ओहम, वायर सुटी होते, तासन्तास घातला तरी जड वाटत नाही. माईक मात्र नसतो. त्याहून कमी पैशात सुपरलक्सचा एचडी ६८१, बारकावे भरपूर पण वरचे सूर टोचतात, त्यामुळे इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून वरची बाजू थोडी उतरवायची. अगदीच थोडे पैसे असतील तर कॉसचा केएससी ७५, कानावर अडकवायचा, डोक्यावर पट्टीच नाही, दिसायला काहीच नाही पण आवाज ऐकून माणूस दचकतो. आणि डोक्यावर काही नकोच असेल, गरम होत असेल, तर केझेड किंवा मूनड्रॉपचे वायरवाले इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणारे घ्या, चष्म्यालाही त्यांचा त्रास नाही.

माईक वेगळा घ्यावा असं मला वाटतं. वायरवर चिमट्याने लावायचा साधा माईकसुद्धा बोलायला पुरतो, फक्त तो तोंडाच्या अगदी समोर ठेवू नका, ओठांच्या कोपऱ्याला दोन बोटांवर ठेवा म्हणजे श्वासाची फुसफूस जात नाही. पुढे माईक बिघडला तर माईकच बदलायचा, हेडफोन राहतो.

आणि एक, बोलायला लागलं की गेमचा आवाज अचानक खाली जातो अशी तक्रार तीन पत्रांत होती. विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये साउंडमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथे बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचं आधीपासून निवडलेलं असतं, ते काढून काहीच करू नका असा शेवटचा पर्याय निवडा.

प्रश्न: मला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. हेडफोन घातला की अर्धे आवाज माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. माझ्यासाठी वेगळा काही हेडफोन असतो का?

उत्तर: वेगळा घ्यायची गरज नाही. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ऑडिओ उघडलं की मोनो ऑडिओ असं बटण आहे, विंडोज १० मध्ये ते ईझ ऑफ ॲक्सेसखाली आहे. ते चालू केलंत की डावीकडचे सगळे आवाज उजव्या कानातही येतात, काहीच सुटत नाही. दिशा मात्र जाते, ती डोळ्यांनी भरून काढायची. फोर्टनाइटमध्ये आवाज चित्ररूपात दाखवायचं सेटिंग आहे, पावलं, गोळ्या, पेट्या कुठल्या बाजूला आहेत ते स्क्रीनच्या मध्याभोवती दिसतं. माइनक्राफ्टमध्ये सबटायटल्स चालू करा, आवाजाचं नाव येतं आणि तो डावीकडे असेल तर डावीकडे, उजवीकडे असेल तर उजवीकडे बाण येतो. तुम्ही जो गेम खेळता त्याच्या ऑडिओ आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन्ही पानांवर एकदा सावकाश फिरून या, अशा सोयी कधी इथे असतात तर कधी तिथे.

हेडफोन घेताना फक्त एवढं बघा की तो उलटासुलटा घालता येतो का, कारण काहींचा माईक डावीकडेच पक्का असतो आणि एका कानाचा कप सरकवून ठेवायचा झाला तर अडचण होते. हलका, उघड्या पाठीचा किंवा उजव्या कानात एकच इन-इअर आणि टेबलावर माईक, यातलं जे तुम्हाला बरं वाटेल ते. कुठला गेम खेळता ते कळवलंत तर त्यातली नेमकी सेटिंग्ज पुढच्या अंकात लिहीन.